एका सबमिशनची गोष्ट

आमच्या मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आदल्या रात्री लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये तापमान ६१ अंश सेल्सिअस होतं! बाहेर डिसेंबरची थंडी, आम्ही तिघी स्वेटर घालून बसलेल्या, आणि समोरचा छोटा डिस्प्ले मात्र शांतपणे ६१ दाखवतोय.

प्रोजेक्ट तसा साधा होता. कॉलेजच्या गच्चीवर एक सेन्सर बसवायचा. तो तापमानाच्या नोंदी घेणार, कॉम्प्रेस करून वायरलेसने खाली पाठवणार आणि खालचा बोर्ड त्या उलगडून दाखवणार. या खालच्या बोर्डाला रॅम होती फक्त २ केबी. किलोबाइट हं, मेगाबाइट नाही. कॉम्प्रेशनसाठी आम्ही पुस्तकातलं हफमन कोडिंग घेतलं, कारण पेपरात हमखास येणारा प्रश्न म्हणून तेवढंच आम्हाला पाठ होतं. सगळं छान चाललं होतं. मग हवेत कुठेतरी एक बिट बदलला आणि बोर्डाचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी गाइड सरांना सगळं खरं सांगून टाकलं. सर रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की हफमन कोण होता हे तरी माहीत आहे का. आम्ही तिघी गप्प. झाड काढता येत होतं, पण ते लावलं कोणी हे ठाऊक नव्हतं. सरांनी आठवडाभराची मुदत दिली आणि अट घातली की बोर्ड दुरुस्त करायचाच, शिवाय त्या माणसाबद्दल वाचूनही यायचं. त्या आठवड्यात जे वाचलं ते इथे लिहितेय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठीत एवढं मोठं लिहायची ही पहिलीच वेळ. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

डेव्हिड हफमनचा जन्म ९ ऑगस्ट १९२५ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून १९४४ मध्ये त्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. अठराव्या वर्षी आपण फर्स्ट इयरला ड्रॉइंग शीटवर खोडरबर घासत असतो! तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. डेव्हिड नौदलात गेला आणि एका विनाशिकेवर रडार मेंटेनन्स ऑफिसर झाला. युद्ध संपल्यावर जपान आणि चीनच्या समुद्रात पेरलेले सुरुंग साफ करण्याच्या कामात ही विनाशिका होती. तिथून परतल्यावर १९४९ मध्ये त्याने ओहायो स्टेटमधूनच मास्टर्स पूर्ण केलं आणि डॉक्टरेटसाठी तो एमआयटीत दाखल झाला.

आता खरी गोष्ट सुरू होते. साल १९५१. प्रोफेसर रॉबर्ट फानो एमआयटीत इन्फर्मेशन थिअरी शिकवत होते. विषय अगदी नवा, कारण क्लॉड शॅननचा मूळ पेपर आला होता १९४८ मध्ये. फानोंनी वर्गाला पर्याय दिला. फायनल परीक्षा द्या, नाहीतर दिलेल्या प्रश्नावर टर्म पेपर लिहा. डेव्हिडने काय निवडलं असेल? अर्थात टर्म पेपर. परीक्षा टळत असेल तर कोण सोडेल?

प्रश्न दिसायला सोपा होता. काही चिन्हं आहेत, प्रत्येक चिन्ह किती वेळा येतं ते माहीत आहे. शून्य आणि एक वापरून प्रत्येकाला असा कोड द्यायचा की पूर्ण मजकूर कमीत कमी बिटमध्ये मावेल आणि उलगडताना गोंधळही होणार नाही.

आपल्या मेसचं उदाहरण घेऊ. समजा ३९ जेवणांत बटाटा १५ वेळा आला, वांगं ७, कोबी ६, मटकी ६ आणि भेंडी ५ वेळा. पाच भाज्यांना सारख्या लांबीचे कोड द्यायचे तर प्रत्येकी ३ बिट लागतात, म्हणजे एकूण ११७. पण रोज येणाऱ्या बटाट्याला भेंडीएवढा लांब कोड कशाला? जे जास्त येतं त्याला छोटा कोड द्यावा हे उघड आहे. प्रश्न एवढाच की किती छोटा, आणि यापेक्षा कमी शक्यच नाही हे सिद्ध कसं करायचं?

स्वतः फानोंनी एक रीत काढली होती. सगळ्या चिन्हांचे साधारण सारख्या वजनाचे दोन गट करायचे, मग प्रत्येक गटाचे पुन्हा दोन, असं वरून खाली फोडत जायचं. आपल्या मेसमध्ये एका बाजूला बटाटा-वांगं, दुसऱ्या बाजूला बाकी तीन. हिशोब केला तर एकूण ८९ बिट येतात. ११७ वरून ८९, म्हणजे चांगलंच. पण हे सर्वात कमी आहे का? नाही! आणि नेमकं सर्वात कमी कसं काढायचं हे तेव्हा कोणालाच येत नव्हतं. फानोंना नाही, शॅननलाही नाही. गंमत म्हणजे हा प्रश्न अजून कोणी सोडवलेला नाही ही गोष्ट फानोंनी वर्गात सांगितलीच नव्हती.

डेव्हिड काही महिने या प्रश्नाला भिडला. एक रीत सुचायची, ती बऱ्याचदा चालायची, पण तीच सर्वोत्तम हे सिद्ध होत नव्हतं. शेवटी तो कंटाळला. टर्म पेपर राहिला, आता गुपचूप परीक्षेचा अभ्यास करावा असं त्याने ठरवलं आणि टिपणांचे कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकायला घेतले. आणि कागद टाकता टाकताच उत्तर डोक्यात आलं!

उत्तर होतं उलट्या दिशेने जायचं. वरून फोडू नका, खालून जोडा. सगळ्यात कमी वेळा येणारी दोन चिन्हं घ्या, त्यांची एक जोडी करा आणि ती जोडी म्हणजे जणू एकच नवीन चिन्ह असं धरा. मग पुन्हा सर्वात लहान दोन. मेसमध्ये आधी भेंडी आणि मटकी मिळून ११, मग कोबी आणि वांगं मिळून १३, मग ते दोन्ही मिळून २४, आणि शेवटी त्यात १५ चा बटाटा. बटाट्याला १ बिट, बाकी चौघांना प्रत्येकी ३. एकूण ८७. फानोंच्या रीतीपेक्षा दोनच बिट कमी, पण याखाली कोणीही जाऊ शकत नाही.

असं का? समजा झाडाच्या सर्वात खालच्या फांदीवर एखादं पान एकटंच आहे, त्याच्या जोडीला कोणी नाही. मग त्याच्या कोडचा शेवटचा बिट फुकट गेला. तो कापून टाका, पान एक पायरी वर जाईल आणि बिट वाचतील. म्हणजे सर्वोत्तम झाडात एकटं पान असूच शकत नाही, आणि तळाशी जोडीने बसायला सर्वात कमी येणारी दोन चिन्हंच योग्य. थोडक्यात काय, तर हफमनच्या झाडात एकही जागा रिकामी राहत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, आमचं सबमिशन याच वाक्याने वाचवलं.

पंचविशीतल्या विद्यार्थ्याने आपल्या सरांना न सुटलेला प्रश्न सरांच्याच वर्गात सोडवला. सप्टेंबर १९५२ मध्ये हे काम प्रोसीडिंग्ज ऑफ द आयआरई या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. हफमनने त्याचं पेटंट मात्र कधीच घेतलं नाही. पैसा आला नाही, पण रीत सगळीकडे पोचली. जेपेग फोटोत हफमन आहे, एमपीथ्री गाण्यात आहे, पीएनजी चित्रात आहे आणि आपण रोज उघडतो त्या झिप फाइलमध्येही आहे. फिल कॅट्झने झिपसाठी तयार केलेली डिफ्लेट ही पद्धत १९९६ मध्ये जाहीर दस्तऐवज म्हणून आली. त्या दस्तऐवजाचा क्रमांक काय असेल? आरएफसी १९५१. हफमनच्या टर्म पेपरचं साल! निव्वळ योगायोग, पण वाचताना अंगावर काटा आला.

आता आमच्या ६१ अंशांकडे येते. आमच्याकडे चिन्हं होती ६४, म्हणजे आधीच्या आणि आताच्या तापमानातले शक्य ते फरक. प्रत्येक पाकिटात आधी कोडच्या लांबींची यादी यायची, मग प्रत्यक्ष डेटा. कोड पाठवायची गरज नसते, फक्त लांबी कळली की ठरलेल्या क्रमाने कोड परत बनवता येतात. १९६४ मध्ये श्वार्ट्झ आणि कॅलिक यांनी मांडलेली ही युक्ती आज सगळे वापरतात. आम्ही बोर्डावर त्या लांबींवरून पूर्ण झाड बांधत होतो. ६४ पानांच्या झाडाला १२७ गाठी, एका गाठीला ५ बाइट, म्हणजे ६३५ बाइट. २ केबीतला जवळपास तिसरा हिस्सा झाडातच गेला!

त्या रात्री यादीतली एक लांबी चुकीची आली. लांबी कमी झाली, म्हणजे त्या चिन्हाने झाडात हक्कापेक्षा मोठी फांदी मागितली. जागा शिल्लक नव्हती, तरी आमचा कोड मुकाट्याने गाठी जोडत गेला, १२७ च्या पलीकडे गेला आणि शेजारच्या व्हेरिएबलवर लिहून मोकळा झाला. त्यात आम्ही फरक पाठवत होतो, म्हणजे एक आकडा चुकला की पुढचे सगळे चुकणार. बोर्ड बंद पडला असता तर परवडलं असतं. तो खोटं बोलत होता आणि ते त्याला माहीतच नव्हतं.

पहिला विचार आला की तपासणी वाढवायची तर मेमरी वाढणार. प्रत्येक गाठीला खूण ठेवा, कोणती भरली कोणती रिकामी ते लिहा... आणि रॅम तर संपलेली. वेग मिळावा म्हणून झाडाऐवजी थेट तक्ता करावा म्हटलं, तर आमच्या १२ बिटच्या सर्वात लांब कोडसाठी ४०९६ ओळी, म्हणजे ८ केबी. बोर्डाच्या चौपट!

इथे ते वाक्य कामी आलं. झाडात एकही जागा रिकामी नसते, म्हणजे झाड न बांधता नुसत्या लांबी मोजूनही ते बरोबर आहे का हे कळायला हवं. हॉस्टेल अलॉटमेंटसारखं बघा. सुरुवातीला एक जागा आहे. एक पायरी खाली गेलं की प्रत्येक शिल्लक जागेच्या दोन होतात, आणि त्या पायरीवर जेवढी चिन्हं राहायला आली तेवढ्या वजा करायच्या. मेसचं उदाहरण घ्या. एकाच्या दोन, बटाटा राहिला, शिल्लक १. त्याच्या दोन, २ लांबीचं कोणी नाही, शिल्लक २. त्याच्या चार, चार भाज्या आल्या, शिल्लक शून्य. बरोबर शून्य! आता वांग्याची लांबी चुकून २ आली असं समजा. १, मग दोनातून एक जाऊन पुन्हा १, मग दोनातून तीन, म्हणजे उणे एक. जागेपेक्षा माणसं जास्त, यादी नापास. लांबी ४ आली तर शेवटी एक जागा उरते, तरीही नापास. या हिशोबामागचा नियम लिऑन क्राफ्टने १९४९ मध्ये एमआयटीतच आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात मांडला होता.

म्हणजे नेमकी एकच लांबी चुकली तर ती पकडली जातेच, शिल्लक शून्य राहूच शकत नाही. आणि त्यासाठी लागतो फक्त एक पूर्णांक आणि कोणत्या लांबीची किती चिन्हं याची छोटी यादी. तीच यादी आणि क्रमाने लावलेली चिन्हं एवढ्यावर उलगडणंही होतं, झाड लागतच नाही. ० ते १२ लांबीसाठी १३ बाइट, चिन्हांना ६४ बाइट, एकूण ७७. कुठे ६३५ आणि कुठे ७७! मेमरी कमी झाली आणि तपासणी वाढली.

मोठ्या लोकांनीही हेच केलंय हे नंतर कळलं. ज्याँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांची झेडलिब ही लायब्ररी १९९५ मध्ये आली. डिफ्लेटमध्ये कोड १५ बिटपर्यंत लांब असू शकतो, म्हणजे सरळ तक्ता केला तर ३२,७६८ ओळी. झेडलिब दोन पायऱ्यांचे तक्ते करते आणि वाईटात वाईट परिस्थितीतही दोन्ही प्रकारच्या कोडसाठी मिळून ८५२ अधिक ५९२, म्हणजे १,४४४ ओळींत काम भागवते. ४ बाइटची एक ओळ धरली तर ६ केबीच्या आत. हा आकडा अंदाजाने घेतलेला नाही, शक्य त्या सगळ्या पूर्ण कोडचा हिशोब करून काढलाय. पण तो खरा ठरतो तो यादी तपासल्यावरच. जागेपेक्षा जास्त कोड मागणारी यादी आत शिरली तर १,४४४ ची हमीच संपली. एकच कोड असलेली यादी वगैरे मोजके अपवाद सोडले तर अपुरी यादीसुद्धा परत पाठवली जाते. आम्ही तपासणी म्हणजे मेमरीवरचा बोजा समजत होतो, इथे तर तपासणी आहे म्हणूनच मेमरी कमी ठेवता येते!

अर्थात सगळं यातून पकडलं जात नाही. दोन लांबींची अदलाबदल झाली तर शिल्लक शून्यच येते. डेटामधला एखादा बिट उलटला तरी काहीतरी उलगडतंच, फक्त चुकीचं. हफमनने जास्तीचं सगळं काढून टाकलं, तेव्हा चूक ओळखायला डेटात काही उरतच नाही. म्हणून शेवटी सीआरसी लागतो. तो बाइट येतील तसा चालता चालता काढता येतो, पूर्ण पाकीट पुन्हा वाचावं लागत नाही. आम्ही १६ बिटचा घेतला, म्हणजे २ बाइट. यादी आधी तपासायची, कारण तिच्यामुळे मेमरी बिघडू शकते. सीआरसी शेवटी जुळला तरच आकडा डिस्प्लेवर न्यायचा.

असो. हफमनकडे परत जाऊ. टर्म पेपरवर नाव झालं म्हणून हा माणूस तिथेच थांबला नाही. त्याने १९५३ मध्ये डॉक्टरेट मिळवली ती कॉम्प्रेशनवर नव्हे, तर सिक्वेन्शियल सर्किटवर. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सला फ्लो टेबल शिकतो ना, त्यामागे हाच प्रबंध आहे. त्यासाठी त्यांना १९५५ मध्ये फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचं लेव्ही पदक मिळालं. (आता प्रोफेसर झाले, म्हणून मी पण अहो-जाहो करते.) १९५३ पासून ते एमआयटीतच शिकवू लागले. १९६७ मध्ये ते सांताक्रूझला गेले. आपल्या मुंबईच्या नव्हे, कॅलिफोर्नियातल्या! तिथल्या युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स विभाग उभा करणाऱ्यांपैकी ते एक, आणि १९७० ते १९७३ विभागप्रमुख.

१९७१ मध्ये त्यांनी अशक्य वस्तूंवर पेपर लिहिला. कागदावर काढता येतात पण प्रत्यक्षात बनवता येत नाहीत अशी चित्रं आपण सगळ्यांनी पाहिलीत. चित्रातल्या प्रत्येक रेषेला एक खूण द्यायची, कडा बाहेर आलेली, आत गेलेली की मागचं झाकणारी. प्रत्येक कोपऱ्यावर मोजकीच जुळणी चालते. कोणत्याच प्रकारे खुणा जुळल्या नाहीत तर ती वस्तू अशक्य. वाचताना वाटलं, अरे, ही तर आमच्याच यादीची तपासणी! वस्तू बनवायला न घेता नुसत्या वर्णनावरून ते खोटं आहे हे ओळखायचं.

त्याच सुमारास त्यांना कागदाच्या घड्यांचं वेड लागलं, तेही सरळ नाही तर वक्र घड्यांचं. घडी वाकडी असताना कागद न ताणता, न फाटता कसा वळतो याचं गणित ते मांडत आणि हाताने नमुने करत. १९७६ मध्ये यावर त्यांचा पेपर आला. त्यांच्या मृत्यूनंतर एमआयटीतल्या संशोधकांनी ते नमुने आणि टिपणं अभ्यासली, आणि २०१४ मध्ये त्यावर तिथे एक पूर्ण पीएच.डी. झाली. टिपणं टोपलीत टाकायला निघालेल्या माणसाची टिपणं पुढे लोकांनी इतक्या जपून वाचली!

१९९४ मध्ये ते निवृत्त झाले. १९९९ मध्ये त्यांना आयट्रिपलईचं हॅमिंग पदक जाहीर झालं. चुका पकडणाऱ्या आणि सुधारणाऱ्या कोडचा जनक हॅमिंग, त्याच्या नावाचं पदक कॉम्प्रेशनच्या माणसाला. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला कॅन्सरने त्यांचं निधन झालं. वय ७४.

आमचं सबमिशन? आठवड्यानंतर झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर डिस्प्लेवर १९ अंश आले. मग सरांनी मुद्दाम एक बिट बिघडवलेलं पाकीट पाठवायला लावलं. डिस्प्लेवर आकडा गेला आणि दोन आडव्या रेघा आल्या. परीक्षकांनी विचारलं की हे बंद पडलं का? मी सांगितलं, नाही सर, त्याला खात्री नाही म्हणून ते गप्प आहे. त्यावर ते हसले आणि पुढचे सगळे प्रश्न हफमनवरच विचारले. आयुष्यात पहिल्यांदा व्हायवा संपू नये असं वाटलं.

बोर्ड आणि कोड विभागाच्या प्रोजेक्ट कपाटात ठेवलाय. ज्युनिअर्सनी जरूर घ्यावा. दोन लांबींची अदलाबदल सीआरसीची वाट न बघता पकडता येईल का, हे आम्हाला अजून जमलेलं नाही. कोणी सोडवलंय की नाही ते मी सांगणार नाही. फानो सरांनी तरी कुठे सांगितलं होतं?